पुढच्या वीस वर्षांचा आराखडा: लोकांना नेमकं कधी विचारायचं?

रेघोट्या

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय. मी नकाशे काढणारा माणूस. शहराचा विकास आराखडा बनतो तेव्हा जमीनवापराचे रंग भरणं, रस्त्यांच्या रेघा मारणं, शाळा-दवाखाना-बागेची आरक्षणं दाखवणं हे ज्या टेबलावर होतं त्या टेबलापाशी मी बरीच वर्षं बसलोय. निर्णय माझे नसतात पण रेघ माझ्या हातून जाते.

प्रश्न असा की तिथे राहणाऱ्या माणसाला नेमकं कधी विचारायचं? बहुतेक ठिकाणी पद्धत अशी की आधी पाहणी, मग प्रारूप आराखडा, मग तो प्रसिद्ध होतो, मग ठरावीक दिवसांत हरकती-सूचना, मग सुनावणी आणि मंजुरी. म्हणजे लोक आत येतात तेव्हा रेघ मारून झालेली असते. आपल्या घरावरून रस्ता गेलाय हे नकाशात दिसल्यावर माणूस काय लिहिणार, "माझ्या घरावरून रस्ता नको" एवढंच लिहिणार ना. तो रस्ता मुळात कशासाठी हवाय, कुणाला कुठून कुठे जायचंय, हे बोलायची वेळ कधीच निघून गेलेली असते. आणि वर आम्हीच म्हणतो की लोक फक्त आपापलं बघतात.

एक प्रसंग सांगतो. प्रारूप अजून कच्चं होतं तेव्हा एका वस्तीत बैठक घेतली. भिंतीवर मोठा नकाशा टांगला, एकास पाच हजार प्रमाणाचा, उत्तर वर. लोक चार हात लांब उभे. कुणाला स्वतःचं घर सापडेना, सगळे माना हलवत होते पण कुणी बोलत नव्हतं. शेवटी आमच्यातल्या एकाने नकाशा काढून जमिनीवर अंथरला आणि असा फिरवला की नकाशातली नदी आणि खिडकीबाहेरची नदी एकाच दिशेला आली. मग चपला काढून लोक चक्क नकाशावर उभे राहायला लागले. एक आजी पुलापासून बोट सरकवत निघाल्या, पूल, मग शाळा, शाळेच्या मागची भिंत, आणि एका ठिकाणी थांबून म्हणाल्या खडू द्या. खडूने एक वाकडी रेघ मारली आणि म्हणाल्या, मोठा पाऊस झाला की पाणी इथून येतं आणि इथे उभं राहतं. ती रेघ आम्ही रुग्णालयासाठी दाखवलेल्या जागेच्या बरोबर मधून गेली.

आमच्या नकाशात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, एकेक मीटरच्या फरकाने होत्या. दीड-दोन फुटांचा खळगा दोन रेषांच्या मध्ये असला तर तो दिसतच नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं तर कुंपणाच्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर गाळाची रेघ होती, सरळ, फूटपट्टीने मारल्यासारखी. जागा बदलली. मला त्याला अर्धा तास लागला, कारण अजून काहीच प्रसिद्ध झालेलं नव्हतं. तेच नंतर करायचं म्हटलं असतं तर फेरबदलाची रीतसर प्रक्रिया, नोटीस, सुनावणी, महिने गेले असते, आणि खरं सांगायचं तर कदाचित बदललीच नसती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की लोकांना पाहणीच्या वेळी आत घ्या, कोऱ्या नकाशावर. तुमचे अनुभव सांगा, विरोधी असले तरी चालतील.

पायवाट

धागा मनापासून आवडला. तो गाळाच्या रेघेचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला, तिथे रुग्णालय झालं असतं तर.

आधी पाहणी मग आराखडा, हे पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार शंभर वर्षांपूर्वी ओरडून सांगत होते. शिक्षणाने जीवशास्त्रज्ञ, त्यामुळे शहराकडे जिवंत वस्तू म्हणून बघायची सवय. १९१४ साली भारतात आले तेव्हा नगररचनेचं प्रदर्शन सोबत आणायचं होतं, पण ते ज्या जहाजावर होतं ते जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडवलं. दुसऱ्या कुणी नाद सोडला असता, यांनी नव्याने साहित्य जमवून १९१५ मध्ये मद्रासला प्रदर्शन भरवलंच. सामान्य माणसाला आपलं शहर नकाशात आणि चित्रात बघता आलं पाहिजे हा ध्यास होता. आणि त्यांचं काम पायी फिरून. दाट वस्तीतून सरळसोट रुंद रस्ता काढायचा म्हणजे शेकडो घरं पडणार, त्याऐवजी ते गल्लीगल्लीतून हिंडून बघायचे की कुठलं घर आधीच पडकं आहे, कुठे दोन भिंती हलवल्या तर मोकळा चौक मिळतो, कुठे झाड लावता येईल. कमीत कमी कापायचं. खर्चही कमी आणि बेघर होणारी माणसंही कमी. पुढे १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. टेबलावर बसून ही दृष्टी येत नाही, तुम्हाला ती नकाशा जमिनीवर उतरवल्यावर आली.

कोरा_कागद

मी थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. रेघोट्या, तुमच्या त्या आजी बैठकीला आल्या हे नशीब समजा. मी अशा बऱ्याच बैठकांना गेलोय आणि येतं कोण तर निवृत्त मंडळी, जमीनमालक, आणि एखादा असा माणूस ज्याला माईक मिळाला की तो अर्धा तास सोडत नाही. दोन पाळ्यांत काम करणारा येत नाही, भाडेकरू येत नाही कारण त्याला वाटतं आपलं काय जातंय, आणि ज्याचं सगळ्यात जास्त जाणार असतं त्याला बैठक आहे हेच कळलेलं नसतं. वीस वर्षांनी जे तिथे राहणार आहेत त्यातले कित्येक अजून जन्मलेच नाहीत, त्यांच्या वतीने कोण बोलणार?

दुसरं म्हणजे सगळ्याच गोष्टी हात वर करून ठरत नाहीत. सांडपाण्याच्या नळाला उतार किती द्यायचा हे मतदानाने ठरवलं तर पाणी उलटं येईल. लोकसहभाग हा शब्द ऐकायला छान आहे पण त्याच्या नावाखाली तज्ज्ञाने आपली जबाबदारी झटकायची आणि उद्या चुकलं की "लोकांनीच सांगितलं होतं" म्हणायचं, हे मी बघितलंय.

झुळूक

@कोरा_कागद, उताराबद्दल सहमत. पण नळ कुठल्या गल्लीत आधी टाकायचा, हे कोण ठरवणार? ते काही गणित नाही ना.

गणितवाली

गणिताचा विषय निघालाच आहे तर मला एक सांगायचंय, कारण आराखड्यातली सगळ्यात मोठी गोष्ट लोकांसमोर कधी येतच नाही. लोकसंख्येचा अंदाज. वीस वर्षांनी इथे किती माणसं असतील या एका आकड्यावर पाणी, शाळा, रस्ते, घरं सगळं उभं राहतं आणि तो आकडा अहवालाच्या कुठल्यातरी तक्त्यात बसलेला असतो.

साधं उदाहरण, आकडे समजण्यापुरते. दहा वर्षांपूर्वी ८०,००० वस्ती होती, आज १,००,००० आहे. एका पद्धतीने म्हणायचं की दर दहा वर्षांनी २०,००० वाढतात, म्हणजे वीस वर्षांनी १,४०,०००. दुसऱ्या पद्धतीने म्हणायचं की दर दहा वर्षांनी २५ टक्के वाढतात, म्हणजे आधी १,२५,००० आणि मग १,५६,२५०. तीच मागची माहिती, दोन्ही पद्धती पुस्तकातल्या, आणि फरक १६,२५० माणसांचा. माणशी रोज १३५ लिटर पाणी धरलं तर रोजचा जवळजवळ २२ लाख लिटरचा फरक. तसंच वर्षाला २ टक्के वाढ धरली तर शहर साधारण ३५ वर्षांत दुप्पट होतं आणि ३ टक्के धरली तर २३-२४ वर्षांतच. कागदावर एका टक्क्याचा बदल पण जमिनीवर अख्खं दुसरं शहर.

आता यातली कुठली पद्धत खरी, हे तज्ज्ञाला मागच्या आकड्यांवरून कळत नाही. ते तिथल्या माणसांना विचारावं लागतं, की मोठा कारखाना बंद पडायला आलाय का, तरुण पोरं शिकून बाहेर जातायत का परत येतायत, शेजारच्या शहरात भाडी परवडेनात म्हणून इकडे लोक सरकतायत का. म्हणजे जे सगळ्यात तांत्रिक वाटतं तिथेच लोकांची माहिती सगळ्यात जास्त लागते. मी तर म्हणते पहिल्या बैठकीत नकाशाच्या आधी हा आकडा फळ्यावर लिहा आणि तो कसा काढला ते सांगा. लोकांना कळतं. घर चालवणाऱ्या प्रत्येकाला पुढच्या वर्षीचा अंदाज बांधायची सवय असते.

उंबरठा

गणितवाली ताई, हे कुणी इतकं सोपं करून कधी सांगितलं नव्हतं, धन्यवाद.

कोरा_कागद दादा, "येतं कोण" हा तुमचा मुद्दा एकदम खरा आहे पण त्यावर उपाय निघालेले आहेत. जर्मनीत पीटर डीनेल नावाच्या अभ्यासकाने १९७० च्या दशकात नियोजन-गट अशी पद्धत काढली. चिठ्ठ्या टाकल्यासारखी रहिवाशांच्या यादीतून साधारण २५ माणसं निवडायची, म्हणजे हौशी आणि मोठ्या आवाजाचे तेवढे नाही तर कुणीही, त्यांना कामावरून सुट्टी आणि त्या दिवसांचा मोबदला द्यायचा, तीन-चार दिवस एकत्र बसवायचं. तज्ज्ञ येऊन दोन्ही बाजू मांडतात आणि मग पाच-पाच जणांच्या छोट्या टोळ्या करून चर्चा, टोळ्यांमधली माणसं सारखी बदलत राहायची म्हणजे एकाच माणसाची छाप पडत नाही. शेवटी नागरिकांचा अहवाल. मोबदल्याचं मला फार महत्त्वाचं वाटतं. बैठकीला यायला कुणाचा तरी दिवस बुडतो हे तिथे मान्य केलंय.

मी स्वतः भाड्याच्या घरात राहते आणि मला कधीच कुठली नोटीस आली नाही, कारण नोटीस मालकाला जाते. एकदा स्वतःहून सुनावणीला गेले तर दिवस कामाचा, वेळ सकाळी अकराची, आणि मांडीवर तीन वर्षांचं पोर. माझा नंबर दुपारी लागला, तोवर ते रडून झोपलेलं. मी बोलले, त्यांनी लिहून घेतलं, बस. माझ्या मागे बसलेल्या दोघीजणी नंबर यायच्या आतच उठून गेल्या कारण मुलांच्या शाळा सुटायच्या होत्या. त्या काय सांगणार होत्या ते कुणालाच कळलं नाही, आणि कागदोपत्री त्या आल्याच नव्हत्या.

जमिनींची पुनर्रचना करतात त्यातही हेच. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते आणि मोकळ्या जागा काढायच्या आणि उरलेली ज्याची त्याला नीट आकारात परत द्यायची. फ्रँकफर्टसाठी १९०२ मध्येच याचा कायदा झाला, महापौर आडिकेस यांच्या नावाने ओळखला जातो. कल्पना चांगलीच आहे, कुणा एकाची सगळी जमीन जात नाही, थोडी थोडी सगळ्यांची जाते. पण त्या टेबलावर खुर्ची मिळते ती मालकाला. तिथे तीस वर्षं भाड्याने राहून दुकान चालवणारा हिशेबात कुठे येतो?

पायवाट

@झुळूक, "नळ कुठल्या गल्लीत आधी" या तुमच्या एका ओळीवर ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रेने अख्खी पद्धत उभी केली. १९८९ पासून तिथे महापालिकेच्या गुंतवणुकीच्या पैशांचं काय करायचं हे वस्त्यावस्त्यांच्या सभांमधून ठरायला लागलं. शहराचे १६ भाग केले, प्रत्येक भागात सभा, तिथून प्रतिनिधी. नुसता आवाजाचा जोर नव्हता, सूत्र होतं. लोकसंख्या किती, सोयींची कमतरता किती, आणि लोकांनी कशाला पहिला क्रमांक दिला, या तिन्हीचे गुण. त्यामुळे ज्या भागात नळ-गटारं नव्हती तिकडे पैसा वळला. जागतिक बँकेच्या नोंदीप्रमाणे पाणी आणि सांडपाण्याची जोडणी असलेली घरं १९८८ मध्ये ७५ टक्के होती ती १९९७ पर्यंत ९८ टक्क्यांवर गेली. कोरा_कागद म्हणतात तसे गरीब लोक बैठकीला येत नाहीत हे तिथे खोटं ठरलं, कारण आल्याने काहीतरी होतं हे त्यांनी बघितलं होतं.

पण पुढचंही सांगितलं पाहिजे. सत्ता बदलत गेली तसा त्यातला जीव कमी होत गेला आणि २०१७ मध्ये ते थांबवलं गेलं. जगभर शेकडो शहरांनी ज्याचं अनुकरण केलं ते मूळ गावातच थांबलं. मला याचं फार वाईट वाटतं. वापरलं नाही की हे हातातून जातं.

आणि कराचीतली ओरंगी ही मोठी गरीब वस्ती. १९८० साली अख्तर हमीद खान या समाजकार्यकर्त्याने तिथे संस्था काढून काम सुरू केलं. गल्लीतल्या वीस-तीस घरांनी मिळून आपल्या गल्लीची गटार स्वतः पैसे काढून स्वतः घालायची, नकाशा, मोजमाप आणि तांत्रिक मार्गदर्शन संस्थेकडून, आणि मोठे नाले व शेवटची शुद्धीकरणाची व्यवस्था सरकारने करायची. उतार तज्ज्ञाने काढून दिला पण खड्डा आपल्या दारात आपण खणायचा. जबाबदारी झटकणं म्हणाल तर ते इथे कुणालाच जमण्यासारखं नव्हतं, कारण कुणी काय करायचं हे आधीच ठरलेलं.

कोरा_कागद

पायवाट, उंबरठा, तुम्ही दोघांनी दिलेली उदाहरणं मला माहीत नव्हती. चिठ्ठीची पद्धत तर खरंच पटली. उंबरठा ताई, तुमच्या सुनावणीचं वाचून मी जरा गप्पच झालो.

तरी एक गोष्ट मनातून जात नाही. लोक एकत्र आले की नेहमी चांगलंच मागतात असं नाही. कचरा प्रक्रिया केंद्र आमच्याजवळ नको, स्मशानभूमी नको, बसचा डेपो नको, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांची घरं आमच्याजवळ नकोत. हे सगळं "परिसराचं वैशिष्ट्य जपा" अशा चांगल्या शब्दांत येतं. मी अशी निवेदनं वाचली आहेत, खाली शेकडो सह्या. मग आराखडा करणाऱ्याने काय करायचं? सह्या मोजायच्या का?

झुळूक

आमच्या ओळखीच्या एका शिक्षिकेने पाचवीच्या मुलांना घर ते शाळा असा नकाशा काढायला सांगितला होता. एका मुलीने सगळा रस्ता बोटभर काढला आणि मधली मोरी, म्हणजे नाल्यावरचा छोटा पूल, कागदाच्या अर्ध्या भागात, काळी गिचमिड रंगवलेली. विचारलं तर म्हणाली तिथे दिवा नाही, आणि मी तिथे पळते. मोजणीच्या नकाशात ती मोरी म्हणजे दोन छोट्या रेघा. एवढंच सांगायचं होतं.

रेघोट्या

सगळ्यांचे खूप आभार, धागा इतका चालेल असं वाटलं नव्हतं. झुळूक, ती मोरी मी विसरणार नाही.

कोरा_कागद, तुमचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे आणि नुसत्या सह्या मोजून तो सुटत नाही हे अगदी मान्य. एक गोष्ट उपयोगी पडलेली मी बघितली आहे. ब्रिटनमध्ये टोनी गिब्सन यांनी १९७० च्या दशकात सुरू केलेली पद्धत आहे, त्यात रहिवासी स्वतः आपल्या वस्तीची पुठ्ठ्याची प्रतिकृती बनवतात आणि मग काय हवंय त्याची छोटी कार्डं प्रतिकृतीवर ठेवतात. कार्डावर नाव लिहायचं नाही. त्यामुळे भाषण होत नाही, ज्याला बोलायची भीती वाटते तोही कार्ड ठेवून जातो. मग कार्डं तीन ढिगांत लावायची, लगेच, थोड्या वेळाने, नंतर. आम्ही त्याचीच नक्कल करताना एक भर घातली होती. शहराला ज्या गोष्टी लागणारच आहेत त्यांचीही कार्डं करून दिली, कचऱ्याचं केंद्र, डेपो, स्वस्त घरं, सगळी, आणि नियम एकच की कार्ड प्रतिकृतीच्या बाहेर ठेवायचं नाही. स्वस्त घरांचं कार्ड तासभर या हातातून त्या हातात फिरत होतं. मग एकाने विचारलं की ही घरं नेमकी कुणासाठी, आणि टेबलाच्या पलीकडून एक बाई म्हणाली, माझ्यासाठी, मी तुमच्याच इमारतीत कामाला येते, रोज दीड तास जाऊन-येऊन. त्यानंतर कार्ड ठेवलं गेलं. सगळे खूश नव्हते, पण ठेवलं गेलं, बसथांब्याजवळ. निवेदनावर सही करताना समोर ती बाई नसते.

आणि तुम्ही "लोकांनीच सांगितलं होतं" म्हणालात त्याबद्दल. शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खाली नुसतं गुंडाळणं, मधल्या पायऱ्यांवर माहिती देणं, मत विचारणं, समजूत काढणं, आणि वर भागीदारी, सोपवलेला अधिकार, नागरिकांचं नियंत्रण. आमचे हरकती-सूचना बहुतेक वेळा चौथ्या पायरीवर थांबतात, विचारलं आणि संपलं. माझ्या मते त्याच्या वर जायला सगळ्यात स्वस्त उपाय एक वही आहे. प्रत्येक सूचना, तिचा क्रमांक, मान्य की अमान्य, आणि कारण दोन ओळींत, सगळ्यांना बघता येईल अशी. बार्सिलोनाने २०१६ पासून हेच ऑनलाइन केलंय, आलेल्या प्रस्तावाचं पुढे काय झालं हे कुणालाही उघडून बघता येतं. उंबरठा ताई, तुमचं "लिहून घेतलं, बस" वाचलं तेव्हा मला ती लिहून घेणारी बाजू आठवली. आम्ही कारण लिहीत नाही. नकार द्यायलाही हरकत नाही, पण कारण हे त्या माणसाचं देणं लागतो आपण.

पुढच्या महिन्यात एका नव्या आराखड्याची पहिली बैठक आहे. वेळ संध्याकाळची मागून घेतली आहे आणि मुलांना बसायला शेजारची खोली. फळ्यावर आधी लोकसंख्येचा आकडा, दोन्ही पद्धतींनी. नकाशा जमिनीवर, फक्त घरं, रस्ते, पाणी, एकही रंग भरलेला नाही. एकच अडचण आहे, लोकांनी खडूने मारलेल्या रेघा नंतर संगणकावरच्या नकाशात अचूक कशा आणायच्या? मागच्या वेळी अंदाजाने आणल्या आणि दोन ठिकाणी चुकलो. कुणाला अनुभव आहे का?

गणितवाली

आहे. नकाशाच्या चारही कोपऱ्यांजवळ अशा खुणा आधीच छापून घ्या ज्यांचे अक्षांश-रेखांश तुम्हाला माहीत आहेत, पाच-सहा असल्या तर उत्तम, एखादी मध्यभागीही. बैठक संपली की स्टुलावर चढून सरळ वरून फोटो घ्या, तिरका नको, एका फोटोत मावत नसेल तर तुकड्या-तुकड्यांनी, प्रत्येक तुकड्यात निदान चार खुणा यायला पाहिजेत. मग त्या खुणांवर फोटो बसवला की रेघा जागच्या जागी येतात. विषयाप्रमाणे खडूचे रंग वेगळे ठेवा, पाण्याला निळा.

आणि फोटो काढायच्या आधी ज्याने रेघ मारली त्याला तिथेच बोलावून विचारा, बरोबर आली का. आमच्याकडे एकाने मान हलवली, खाली बसला, आणि बोटाने अर्धी पुसून पुन्हा काढली.